माहिती जुळत नाही

सान होसेत गवंडीकाम करणाऱ्या एलिसेओने मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे मायदेशी, निकाराग्वाला पाठवून तीन दिवस झाले, तरी ते तिच्या हाती पडेनात. आज फी भरायचा शेवटचा दिवस. परांचीखाली उभं राहून त्याने पैसे पाठवणाऱ्या कंपनीला पाचव्यांदा फोन लावला आणि चाळीस मिनिटं तीच ती धून ऐकली.

"पैसे घेणाऱ्यांची माहिती ओळखपत्राशी जुळत नाही," पलीकडची बाई म्हणाली.

"काय जुळत नाही ते तरी सांगाल?"

"तो तपशील आम्हाला सांगता येत नाही, साहेब."

"अहो, पोटची पोर आहे माझी. फॉर्म मी स्वतः भरलाय, चुकेल कसा? आमच्यासारख्या मजुरांना छळायलाच बसलाय का तिथं?"

त्याने फोन कापला आणि तिकडे पैशांच्या खिडकीपाशी ताटकळणाऱ्या मुलीला, शियोमाराला लावला.

"काय अडलंय गं नक्की?"

ती जरा घुटमळली. "जन्मतारीख, बाबा. तुम्ही सात मे लिहिलीय."

"मग? दरवर्षी सात मेला तर वाढदिवसाचा फोन करतो मी तुला."

"माझा वाढदिवस अकरा जूनला असतो."

एलिसेओची मान खाली गेली. अकरा वर्षं तो घरापासून लांब होता. सिमेंटने माखलेल्या बुटांकडे बघत त्याने कसंबसं विचारलं, "मग तीन दिवस बोलली का नाहीस, पोरी?"

 

"मी खिडकीवर सांगत होते ना, बाबांचं बरोबर आहे, माझ्या कार्डावरच चुकीची छापलीय."