मंगळाचा घट

मंगळावरच्यासारखी बनवलेली माती, तिच्यात क्रांतीनं प्रयोगासाठी गहू उगवला. पण सरांनी बघायच्या आत कॉलेजातल्या उंदरांनी तो फस्त केला. आता सगळे मार्क उरलेल्या मातीच्या पिशवीवर होते, म्हणून ती पिशवी तिनं घरी आणली. बनाआजीनं त्याच मातीत देवीचा घट बसवला.

"आजे, ती मंगळाची माती हाय!"

"असंल की. लय बारीक चाळलेली हाय, खडा न्हाई एक."

चौथ्या माळेला गहू तरारून वर आला. क्रांती मोजपट्टी घेऊन धावली, तर आजी उंबऱ्यातच आडवी आली. "दसऱ्यापातूर घटाला हात न्हाई लावायचा."

नाइलाजानं सरच दसऱ्याला संध्याकाळी इस्लामपूरहून गावात आले.

"पीक कुठाय?"

क्रांतीनं पाराकडं बोट केलं. रीतीप्रमाणं आजीनं सकाळीच घटातले तुरे वाटले होते आणि मंगळाचं पीक गावातल्या टोप्यांत खोचून गप्पा हाणत बसलं होतं.

सरांचा चेहरा पडला, तशी आजी लगबगीनं पुढं झाली. "आवं सर, तुमचा राखून ठेवलाय की!" आणि तिनं शेवटचा तुरा त्यांच्या कानावर खोचला.

"क्रांती," सर मान जराही न हलवता म्हणाले, "मोजपट्टी आण."