आधी शरणार्थ

पडद्यावर बसवेशच्या नावापुढचं पिवळं गोल तोंड पेटलं, तसे ईश्वरप्पा खुर्चीत सावरून बसले. ते तोंड पेटलं म्हणजे पोरगा तिकडं कॉम्प्युटरपुढं आहे, एवढं त्यांना आता कळत होतं. सोमवारचे साडेदहा वाजले होते. अमेरिकेत रविवारची रात्र.

"काका, आले बघा तुमचे चिरंजीव," सायबर कॅफेवाली वनमाला मागून म्हणाली. "आज तरी लिहा कायतरी."

"लिहील की तो. घाई काय हाय?"

"सहा सोमवार झाले, हेच ऐकायलेय मी. तुमी त्यांना बघता, ते तुमाला बघतेत. बोलत कुणीच न्हाई. बसस्टँडवर अनोळखी मानसं बी याच्यापेक्षा जास्त बोलतेत."

ईश्वरप्पांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. आता ह्या पोरीला काय सांगायचं? त्यांच्या घरात धाकट्यानं आधी वाकून शरणार्थ म्हणायचं, मग थोरल्यानं तोंड उघडायचं. आज्यापासून चालत आलेली रीत. लेकाचा शरणार्थ आला नाही आणि बापच 'कसा आहेस' म्हणून विचारायला लागला, तर तो बाप कसला?

आणि खरं सांगायचं तर ह्या बापलेकांना सरळ एकमेकांशी बोलायची सवय होतीच कुठं. "आप्पांना विचार गं", "त्याला सांग", सगळं बसवेशच्या आईच्या, उमाबाईंच्या तोंडून चालायचं. श्रावणात उमाबाई गेल्या आणि मधलं माणूसच संपलं. माजलगावच्या पेठेत कापडाचं दुकान, दिवसभर गिऱ्हाइकांचा राबता; पण संध्याकाळी कुलूप काढून आत पाऊल टाकलं की घर खायला उठायचं. म्हणून तर सोमवारी दुकान बंद असलं की म्हातारा इथं येऊन बसायचा. पासष्टाव्या वर्षी, कॉलेजच्या पोरांच्या रांगेत.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावला आणि थांबला. टेबलाखालचा बॅटरीचा डबा टीं टीं करू लागला.

"गेली लाइट," वनमाला म्हणाली. "आता चार वाजंस्तोवर न्हाई यायची. काका, बॅटरीवर पाच मिन्टं चालंल, ती बी धड न्हाई. लिहायचं तर आत्ता लिहा. सांगा, मी लिहिते."

"नको. माझं मी लिहितो."

रीत गेली चुलीत, असं मनाशी म्हणत ईश्वरप्पा पुढं वाकले. इंग्रजी अक्षरं त्यांना कापडाच्या गाठींवरून ओळखीची होती, पण इथं मेली सांडलेल्या डाळीसारखी कुठंही पडलेली. चाळीस वर्षं कापड मोजताना कधी न चुकलेलं बोट एकेक अक्षर हुडकत फिरू लागलं. जे सापडला. मग ई. मग व्ही. जेवला का, एवढंच विचारायचं होतं. फोन आला की उमाबाई आधी तेच विचारायच्या.

"काका, थांबा थांबा," वनमाला एकदम खाली वाकली. पडद्यावरच्या चौकटीच्या तळाशी एक बारीक ओळ आली होती. "बसवेश लिहायलेत. हे बघा, तिकडचं माणूस लिहायला लागलं की इथं असं दिसतं."

ईश्वरप्पांनी बोट झटकन मागं घेतलं. त्यांचे डोळे भरून आले. पोरगा बोलतोय. आधी तोच बोलतोय. सातासमुद्रापलीकडं जाऊन घरची रीत विसरला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते पडद्याकडं बघत राहिले.

ओळ क्षणभर दिसली आणि नाहीशी झाली. अक्षर काही आलं नाही.

"आता लिहा काका. झालं तेवढं तरी पाठवा, हे बटण दाबा."

"थांब गं. बोलू दे त्याला."

डबा लांबलचक किंचाळला. पडदा काळा झाला.

वनमालानं खिडकीचं दार उघडलं. बाहेरून रिक्षांचा आणि भाजीवाल्यांचा गलबला आत आला. बाकीची पोरं चपला शोधत उठली. ईश्वरप्पा बसूनच होते.

"पोरी, मी लिहायला लागलो, ते त्याला कळलं असंल का?"

"काय लिहिलं ते न्हाई कळत, काका. पन लिहायलेत हे कळतं की. तुमाला त्यांची ओळ दिसली ना? तशीच तुमची ओळ तिकडं त्यांना दिसती."

ईश्वरप्पांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर चढवली.

"मंग न्हाई बोलायचा तो," ते म्हणाले. "मोठं मानूस बोलत असलं की मधी तोंड घालायचं न्हाई. थोबाडीत देऊन मीच शिकवलंय त्याला."