पाच मिनिटं शांत बसा

बाक रिकामं होतं.

तपासणीआधी बायकांनी पाच मिनिटं शांत बसावं, म्हणून डॉ. रेणुकाने ते शाळेच्या पडवीत मांडून घेतलं होतं. गंगाकाकी, सुनंदा आणि दर्शना आता तिथे असायला हव्या होत्या. खोलीत आवाज तुटायचा, म्हणून वाजणारा फोन घेऊन रेणुका बाहेर आली आणि थबकली. शाळेमागच्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून तिघी धावत वर चालल्या होत्या. पुढे साठी उलटलेली गंगाकाकी, पदर कमरेला खोचून. वर पोचल्या, वळल्या आणि तशाच धापा टाकत खाली आल्या.

रेणुकाने फोन बंद केला. पलीकडे तिचे पुण्याचे सर होते आणि ते काय विचारणार, हे तिला माहीत होतं.

वेळणेश्वरजवळच्या या वाडीत ती रक्तदाबाचा अभ्यास करत होती. जेवणातलं मीठ कमी केलं तर तो किती उतरतो, एवढंच बघायचं होतं. बायकांनी मनापासून साथ दिली. लोणचं बंद केलं, सुकी मासळी पाहुण्यांना देऊन टाकली. आणि दर तपासणीला त्यांचा रक्तदाब वाढतच गेला. सरांनी आधी यंत्र बदलायला सांगितलं. मग दंडाचा पट्टा. मग, जरा अडखळत, संशोधकच बदलून बघू म्हणाले. तेव्हापासून रेणुकाला जेवण गोड लागत नव्हतं.

"हे काय चाललंय, काकी?"

सुनंदा पायरीकडे बघू लागली. दर्शनाने घाईघाईने पदर सोडला. गंगाकाकीला धाप लागली होती, तरी बोलली तीच.

"चिमाचं प्रेशर उतरलं, तर तुमी तिला सांगितलंत, आता यायची गरज नाय. आमाला यायचं हाय, बाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तपासणीचा दिवस म्हणजे दुपारभर खुर्चीत बसायचं. चहा दुसऱ्या कुणीतरी आणून द्यायचा. झोप लागते का, जीव घाबरा होतो का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारायचं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घ्यायचं. डॉक्टरचं काम म्हटल्यावर घरून कुणी हाकही मारत नसे. रेणुकाने चिमाचं अभिनंदन करून तिला निरोप दिला, त्या दिवशी ती बिचारी घरी जाऊन रडली होती.

रेणुकाला आधी संताप आला. वर्षभराचे आकडे त्या पायऱ्यांवरून गडगडत खाली गेले होते. मग पदर खोचलेली गंगाकाकी पुन्हा डोळ्यांपुढे आली आणि ती त्या रिकाम्या बाकावर बसून हसत सुटली. हसू ओसरल्यावर तिने सरांना फोन लावून खरं ते सांगून टाकलं.  सर म्हणाले, पहिल्यापासून सुरू करा.

नवा नियम तिने तिथल्या तिथेच सांगितला. जिचा रक्तदाब उतरेल तिनेही यायचं. चिमाला निरोप धाडला. पायऱ्या चढायच्याच असतील तर रोज संध्याकाळी, सावकाश, आणि तपासणीच्या दिवशी मुळीच नाही.

बायकांनी ते फारच मनावर घेतलं. आपापलं अळणी जेवण दुपारीच रांधून ठेवायच्या आणि उन्हं कलली की पायऱ्यांना लागायच्या. वर देवळापाशी गप्पांचा असा फड जमे की दिवेलागण उलटली तरी कुणी खाली उतरत नसे. रक्तदाब मात्र भराभर उतरले. मिठाने की पायऱ्यांनी, हे काही केल्या सांगता येईना. सरांनी फोनवरच कपाळाला हात लावला असावा.

अशाच एका तपासणीला गंगाकाकीचा नवरा, सखाराम, दारात येऊन उभा राहिला. डोकं गरगरतंय, मलापण बघा म्हणाला. रेणुकाने त्याला पाच मिनिटं शांत बसवलं, या वेळी आपल्या नजरेसमोर. पट्टा फुगवला. आकडा बघून पुन्हा फुगवला. इतका रक्तदाब वाडीतल्या बायकांना धावूनसुद्धा जमला नव्हता.

"काका, जेवणात मीठ जास्त पडतं का?"

सखारामने बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"अंदाज येत नाय, बाई. रांधायला आत्ताच शिकलोय."