जुन्या घडणीची चिंचपेटी

लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीकुंकवाला जी ती ऋजुताच्या गळ्यातली चिंचपेटी निरखत होती. "अगदी जुनी वाटते गं! अशा आता कुठे बघायला मिळतात?"

"नवीच आहे," ऋजुता कौतुकाने सांगत होती. "सासूबाईंनी घडवून घेतली."

बायका गेल्यावर सासूबाईंनी तिच्या हातात कागदाची पुडी ठेवली. आत लहानमोठी माणकं होती, पाठीला काळी लाख चिकटलेली.

"सोनाराने परत दिली. नव्यात बसली नाहीत."

"कशातली?"

"माझ्या चिंचपेटीतली. माझ्या आजेसासूबाईंची होती. तीच आटवून तुझी केली."

ऋजुताचा हात गळ्याशी गेला. "आई, मग तीच द्यायची ना मला!"

सासूबाई तिळगुळाच्या वाट्या उचलत होत्या. "अगं, बस्त्याच्या दिवशी तूच म्हणालीस ना, घडण जुनी हवी, पण कुणाची वापरलेली नको?"