सहा तासांची कोठी

काचेपलीकडे धुरपदाबाई रडत होती.

चुडामणने ताटलीएवढी काच बाहीने पुसली आणि पुन्हा पाहिलं. बायको खरंच रडत होती. पदर तोंडाला, डोळ्यांना धार. तिच्या शेजारी कारखान्याचे मालक रुपचंदभाऊ गमछ्याने डोळे टिपत होते. आणि बंगळुरूचे साहेब, जे सकाळपासून एकदाही हसले नव्हते, तेसुद्धा चष्मा काढून रुमालात तोंड खुपसून उभे होते. खांदे गदगदा हलत होते. आवाज मात्र काहीच येत नव्हता. कोठी तशीच बनवली होती.

जळगावच्या एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये एरवी शेतातल्या पाइपांचे व्हॉल्व्ह बनत. १९८७ साली रुपचंदभाऊंच्या डोक्यात अंतराळ शिरलं. बंगळुरूच्या एका संस्थेला माणूस आत बसेल अशी हवाबंद कोठी हवी होती. आतली शिळी हवा आतल्या आत धुऊन पुन्हा श्वासाला द्यायची, बाहेरचा वारा कणभरही आत येता कामा नये. लोकांनी भाऊंना वेड्यात काढलं. ‘आधी नळाला पाणी आणा, मग चंद्रावर हवा न्या,’ असं चहाच्या टपरीवर त्यांच्या तोंडावर म्हणत. भाऊंनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि दीड वर्ष हाडाची काडं केली. कोठीचा सांधा न् सांधा चुडामणने वेल्ड केला होता. म्हणून परीक्षेला आत बसायचा मानही त्याने हट्टाने मागून घेतला.

परीक्षा साधी होती. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच आत बसायचं. कोठीतून हवा गळते का, हे बाहेर साहेबांचं यंत्र मोजणार. दर पंधरा मिनिटांनी बटण दाबून बाहेरची घंटी वाजवायची. जीव घाबरा झाला तर आतली कडी काढून खुशाल बाहेर यायचं. पण पाचच्या आत दार उघडलं की कोठी नापास. पुन्हा संधी नाही, असं साहेबांनी निक्षून सांगितलं होतं.

आता चार वाजले होते आणि बाहेर ही रडारड.

चुडामणला एकच अर्थ लागला. साहेबांच्या यंत्राचा काटा भलतंच काही दाखवत असणार. आतली हवा नासली, चुडामण गेल्यात जमा, आणि हे त्याला सांगायला कुणाची जीभ रेटत नाही. एवढं मनात यायचा अवकाश, त्याला लगेच गरगरायला लागलं. हात आपोआप कडीवर गेला.

कडीच्या वरच तो सांधा होता. तीनदा घासून काढला होता, तेव्हा कुठे चौथ्यांदा मनासारखा बसला होता. दार उघडायचं म्हणजे आपल्याच हाताला खोटं पाडायचं. भाऊ उद्यापासून मान खाली घालून व्हॉल्व्ह बनवणार, आणि टपरीवरचे दात काढणार. चुडामणला मरणाची भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण त्या दात काढण्याचा विचार त्याहून असह्य होता.

त्याने कडी सोडली. डब्यातली उरलेली कळण्याची भाकरी काढली आणि दाण्यांच्या चटणीशी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मरायचंच तर उपाशी कशाला? मग केस सारखे केले, काचेशी तोंड नेलं आणि धुरपदाबाईला हातवारे करून समजावलं, की रडू नको, पोरींना नीट सांभाळ. तिने मान डोलावली आणि आणखीच रडू लागली. त्याने भाऊंना हात जोडले. भाऊंनीही जोडले आणि पोट धरून वाकलेच. साहेबांची तर ओळख ना पाळख, तरी त्यांचं नाक लाल झालेलं. इतकी माया! चुडामणला भरून आलं. सव्वाचारची घंटी दाबली, तर तिघांनी रडता रडता टाळ्या वाजवल्या. दुःखाने माणसाचं डोकं फिरतं म्हणतात ते खोटं नाही, असं त्याला वाटलं.

पाचला साहेबांनी बाहेरून दार उघडलं. चुडामण जिवंत होता. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

“का बरं रडी राह्यनात बठ्ठा?” असं विचारत त्याने पाय बाहेर टाकला, आणि शिंकला. पुन्हा शिंकला. सात झाल्या, अकरा झाल्या, थांबेनाच. तो शिंकत होता आणि भाऊ मुलीचं लग्न जमल्यासारखे नाचत होते. साहेबांनी वाहत्या डोळ्यांनी कागद कोठीवरच टेकवला आणि सही ठोकली.

“साहेबनं गळती मोजनारं मशीन साडेतीनलेच बंद पडनं,” भाऊ धापा टाकत म्हणाले. “मशीन नही तं सही नही, म्हने. मंग तुन्या बाईनीच दुसरं मशीन काढं.”

धुरपदाबाईने काचेखालच्या शेगडीवरून कढई उचलली. तळाशी काळ्या पडलेल्या दोंडाईच्याच्या मिरच्या अजून धुरत होत्या.

“घरमा फोडणी पडनी तं तुम्ही गल्लीमा शिंकतस,” ती डोळे पुसत म्हणाली. “आज कोठीले लागीसन कढईभर मिरच्या भाज्यात, आम्ही बठ्ठा आठे मरी राह्यंतूत, आन् तुम्ही आत बशीसन निवांत भाकर खाई राह्यंतात!”