फोरमनसाहेबांचा आवाज

गळ्यातल्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये नस दुखावली आणि फोरमनसाहेबांचा आवाजच गेला. साधं पाणी पितानाही त्यांना ठसका लागे. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घालून नवराबायकोला पडद्यावर दाखवलं: एक स्वरतंतू हलत होता, दुसरा लुळा पडला होता. “इंजेक्शननं आवाज बराचसा परत येईल. कधी द्यायचं?” फोरमनसाहेब कुजबुजणार, तोच बायको बोलून गेली, “राहू द्या, घाई नाही.” बोलली आणि तिनं जीभ चावली. तीस वर्षं ज्या आवाजानं घर डोक्यावर घेतलं, तो गेल्यापासून ती निवांत झोपत होती; हे तिनं स्वतःपाशीही कबूल केलं नव्हतं. नवऱ्यानं टेबलावरचं पेन उचललं, केसपेपरच्या मागं काहीतरी लिहिलं आणि कागद तिच्यापुढं सरकवला. ‘मी इतका ओरडायचो?’ तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली गेली, पण तिला ‘नाही’ काही म्हणवेना.