जादा कातडी

"प्रकाशाचे उपचार दहा मिनिटांत सुरू करू, पण कायद्यानं मला आधी एक विचारावं लागतं," डॉ. साठ्ये म्हणाल्या. "त्याऐवजी शस्त्रक्रिया करून घ्याल का? वरच्या मजल्यावर साखर कारखान्यात वाफेनं भाजलेली एक मुलगी आहे."

यमुनानं आपल्या पोटाकडं पाहिलं. पंचावन्न किलो वजन उतरलं होतं, पण कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबत राहिली होती. प्रकाशानं ती दुखल्याखुपल्याशिवाय आटणार होती. मात्र आटलेली कातडी दुसऱ्याच्या अंगावर धरत नसे. कापून काढलेली कातडी आता कुणाचीही कुणालाही चालत होती.

"नाही म्हण," तिचा नवरा आनंदा कुजबुजला. "तुझा भाऊ भुलीतून उठलाच नव्हता, विसरलीस?"

ती विसरली नव्हती. "आणि मी नाही म्हटलं तर?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"दुसरं कुणी मिळेपर्यंत थांबू. पण ती दोन दिवस काढेल असं वाटत नाही."

"अहो, मला फार भीती वाटतेय," यमुना नवऱ्याला म्हणाली, आणि तरीही तिनं शस्त्रक्रियेच्या कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले. पोटावर टाक्यांची आग होत होती. उशाशी बसलेल्या आनंदाचे डोळे रडून सुजले होते. त्याच्याशी बोलायच्या आधी तिनं डॉक्टरांना विचारलं, "धरली का?"

"धरतेय," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ताच तिनं पाणी मागितलं."